गजकर्ण : उपचारांचा इतिहास

गजकर्ण : (दाद, नायटा, दद्रू). त्वचा, केस व नखे यांतील केराटीन या प्रथिनावर उपजीविका करणाऱ्या कवकांमुळे होणारा संसर्गजन्य त्वचारोग. या कवकांना त्वक्‌कवके म्हणतात. ती जिवंत ऊतकांत सहसा शिरत नाहीत. बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात वाढतात आणि एका बिंदूपासून सर्व बाजूंनी सारख्या वेगाने पसरतात. त्यामुळे कडेला लालसर, उंचवट्याची व खवल्यांची रेषा आणि मध्यभागी बरी होत आलेली त्वचा असे वर्तुळ तयार होते. यूरोपीय भाषांत याच वर्तुळाकारामुळे रोगाला ‘कड्यासारखा किडा’ या अर्थाची नावे पडली. प्रत्यक्षात या रोगाचा कोणत्याही किड्याशी संबंध नाही. शरीराच्या भागानुसार त्याची रूपे बदलतात. डोक्यावर झाल्यास केस तुटून चट्टे पडतात व काही प्रकारांत पिवळ्या खपल्या धरतात (खवडे). जांघेत तो खाजरा व पसरट होतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत झाल्यास त्वचा पांढरी व भिजल्यासारखी होऊन सोलते. पावसाळ्यात शेतातील चिखलपाण्यात काम करणाऱ्यांत बेचक्यांची त्वचा अशीच कुजते व तिला मराठीत चिखल्या म्हणतात. तिच्या अनेक कारणांपैकी कवक हे एक आहे. गजकर्णाने मृत्यू येत नाही, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याला दुय्यम स्थान मिळाले. तथापि रोगकारक सूक्ष्मजीवाचा शोध, वनस्पतिज औषधांचा व्यापार, किरणोपचारांचे दुष्परिणाम आणि औषधांचा गैरवापर या चारही बाबतींत या क्षुल्लक मानलेल्या रोगाचा इतिहास बोधप्रद आहे.

प्राचीन उल्लेख : आयुर्वेदीय ग्रंथांत ‘कुष्ठ’ ही संज्ञा केवळ महारोगापुरती मर्यादित नसून तीत अनेक त्वचारोगांचा समावेश होतो. या ग्रंथांत कुष्ठाचे सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार सांगितले आहेत. दद्रूची गणना चरकसंहितेत क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुतसंहितेत महाकुष्ठांत केलेली आढळते. कंडू, लाली, पुटकुळ्या, उंचवट्याचे मंडल आणि पसरण्याची प्रवृत्ती ही त्यांत नमूद केलेली लक्षणे आजच्या गजकर्णाशी बरीच जुळतात; मात्र दद्रू या नावाखाली आलेले प्रत्येक वर्णन कवकजन्य रोगाचेच असेल असे म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठ हा अंगस्पर्शाने, एकत्र भोजनाने, एका शय्येवर झोपल्याने आणि दुसऱ्याची वस्त्रे, माळा व लेप वापरल्याने संक्रांत होणाऱ्या रोगांत गणला आहे. सूक्ष्मजीवांची कल्पना नसतानाही संसर्गाचे मार्ग निरीक्षणाने ओळखले गेले होते, असे यावरून दिसते.

उपचारांत लेपांना प्राधान्य होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आरग्वधीय अध्याय अशा बाह्य लेपांसाठीच आहे. या लेपांत येणारी एडगज अथवा चक्रमर्द ही वनस्पती म्हणजे महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आरंभी सर्वत्र उगवणारा टाकळा होय. चक्रमर्द व दद्रुघ्न ही त्याची संस्कृत नावे त्याचा उपयोगच सांगतात. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल व त्या वर्गातील इतर अँथ्राक्विनोन संयुगे असतात. त्याच कुलातील दादमर्दन ही वनस्पतीही अनेक उष्ण देशांत याच कामासाठी वापरली गेली. पाश्चात्त्य परंपरेत रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोक्यावरील पुवाळलेल्या, सुजलेल्या गजकर्णाचे वर्णन केले असून त्या प्रकाराला आजही त्याचे नाव जोडले जाते.

रोगकारकाचा शोध : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत गजकर्णाचे कारण शरीरातील दूषित रस हे मानले जाई. या समजुतीला पहिला धक्का रेशमाच्या किड्यांमुळे बसला. आगोस्तीनो बास्सी (१७७३–१८५६) या इटालियन संशोधकाने १८३५ मध्ये रेशीम-किड्यांचा मस्कार्डीन हा रोग एका कवकामुळे होतो, असे सिद्ध केले. रॉबर्ट रेमाक (१८१५–६५) यांना १८३७ मध्ये बर्लिन येथे खवड्यांच्या खपल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली शाखायुक्त तंतू दिसले होते. बास्सी यांच्या शोधाने प्रेरित होऊन योहान लूकास शनलाइन (१७९३–१८६४) यांनी १८३९ मध्ये हे तंतू कवकाचे असल्याचे प्रसिद्ध केले. रेमाक यांनी पुढे स्वतःच्या हातावर खपली बांधून रोग उत्पन्न केला आणि १८४५ मध्ये त्या कवकाला शनलाइन यांचे नाव दिले. मानवातील एखाद्या रोगाचा संबंध विशिष्ट सूक्ष्मजीवाशी जोडला जाण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक आहे. लूई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांचे जंतुविषयक कार्य त्यानंतरचे आहे.

याच सुमारास पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी (१८१०–९८) यांनी १८४१ ते १८४४ या काळात स्वतंत्रपणे खवड्यांचे कवक वर्णिले, मायक्रोस्पोरम ओदुइनी या जातीला नाव दिले आणि काही कवके केसाच्या बाहेरून, तर काही आतून वाढतात हा भेद दाखविला. स्वीडनमधील पेर हेन्रिक माल्मस्टेन यांनी १८४५ मध्ये ट्रायकोफायटॉन हा वंश स्थापिला. तरीही वैद्यकव्यवसायाने हा शोध चटकन स्वीकारला नाही. लंडनचे ख्यातनाम त्वचारोगतज्ञ इरॅस्मस विल्सन (१८०९–८४) हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कण म्हणजे विकृत झालेल्या ऊतकाचीच रूपे होत, असे दीर्घकाळ प्रतिपादन करीत राहिले. ग्रूबी यांचे कार्य विस्मृतीत गेले. रेमों साबूरो (१८६४–१९३८) यांनी १८९० नंतर त्याची पडताळणी करून त्याला योग्य स्थान मिळवून दिले. संवर्धक माध्यम बदलले की एकाच कवकाचे रूप बदलते, हे ओळखून साबूरो यांनी ठराविक शर्करा व पेप्टोन असलेले माध्यम निश्चित केले. त्यांचा या रोगांवरील बृहद्‌ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या नावाचे माध्यम प्रयोगशाळांत आजही वापरले जाते. अमेरिकेतील चेस्टर एमन्स यांनी १९३४ मध्ये या कवकांचे ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम व एपिडर्मोफायटॉन या तीन वंशांत सुटसुटीत वर्गीकरण केले.

गोवा पावडर : गजकर्णावरील औषधांच्या इतिहासात पश्चिम भारताचा प्रत्यक्ष संबंध या औषधाच्या निमित्ताने येतो. गोवा व मुंबई येथे एकोणिसाव्या शतकात पिवळसर-तपकिरी रंगाची एक भुकटी गजकर्णावर रामबाण म्हणून विकली जात असे. पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कालवून ती चट्ट्यावर लावीत. तिचे मूळ विक्रेते सांगत नसत. मुंबईतील औषधविक्रेते डी. एस. केंप यांनी १८६४ मध्ये इंग्लंडमधील औषधज्ञांचे लक्ष तिच्याकडे वेधले. सर जोसेफ फेरर (१८२४–१९०७) यांनी १८७४ मध्ये लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात तिच्या उपयोगाविषयी लिहिले. ते वाचून ब्राझीलमधील बाईया येथील डॉक्टर सिल्व्हा लीमा यांनी ही भुकटी म्हणजे आपल्या प्रांतातील ‘अरारोबा’ असल्याचे दाखवून दिले. बाईयाच्या अरण्यांतील एका मोठ्या वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साचते. झाड फोडून ती खरवडणाऱ्या मजुरांच्या डोळ्यांची व चेहऱ्याची आग होई. ब्राझील व गोवा ही दोन्ही पोर्तुगीज सत्तेखाली असल्याने हे औषध समुद्रमार्गे गोव्यात आले आणि तेथून मुंबईच्या बाजारात पसरले. मूळ देशाचे नाव मागे पडून त्याला गोव्याचे नाव चिकटले.

जॉन ॲटफील्ड यांनी १८७५ मध्ये या भुकटीचे विश्लेषण करून तिचा क्रियाशील घटक क्रायसोफॅनिक अम्ल असल्याचे मानले. लीबरमान व झाइडलर यांनी १८७८ मध्ये तो त्याहून भिन्न पदार्थ असल्याचे दाखवून त्याला क्रायसारोबीन हे नाव दिले. रासायनिक दृष्ट्या तो क्रायसोफॅनॉलचेच क्षपित रूप होय. म्हणजे ब्राझीलच्या अरण्यातील भुकटी आणि कोकणच्या बांधावरील टाकळा यांतील संयुगे एकाच कुटुंबातील आहेत. क्रायसारोबिनाने गजकर्ण बरा होई. पण त्वचेचा दाह होई, ती जांभळट-तपकिरी पडे व कपड्यांवर न निघणारे डाग पडत. बॅल्मनो स्क्वायर यांनी १८७६ मध्ये विचर्चिका (सोरायसिस) या अकवकजन्य रोगावरही त्याचा गुण येतो, असे नोंदविले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाल्यावर १९१६ मध्ये त्याऐवजी डायथ्रॅनॉल हे कृत्रिम संयुग वापरात आले. ते विचर्चिकेवर दीर्घकाळ वापरले गेले. गजकर्णाच्या उपचारातून मात्र क्रायसारोबीन पूर्णपणे मागे पडले आहे.

गजकर्णाशी भारताचे नाव आणखी एका प्रकारे जोडले गेले. जांघेतील गजकर्णाला इंग्रज लोक ‘धोबी इच’ म्हणत. रोग्यांचे व निरोग्यांचे कपडे धोबी एकत्र धुतो, त्यातून हा रोग पसरतो, असा त्यांचा समज होता. उष्ण-दमट हवा, घाम व घट्ट कपडे ही मुख्य कारणे त्यामुळे दुर्लक्षित राहिली आणि ठपका एका कष्टकरी जातीवर आला. धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करतात. त्या रसाने काहींना होणारा त्वचाशोथ हा निराळा विकार असून त्यात संसर्ग नसतो. अल्डो कास्टेलानी यांनी १९१० मध्ये श्रीलंकेत या रोगाच्या रुग्णांतून ट्रायकोफायटॉन रूब्रम ही जाती वर्णिली. पुढे ती जगभर पसरली.

मलमे : गंधक, आयोडीन, पाऱ्याची संयुगे व डांबर यांचे लेप पूर्वापार चालू होते. आर्थर व्हिटफील्ड (१८६८–१९४७) यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेंझॉइक व सॅलिसिलिक अम्लांचे मलम प्रचारात आणले. प्रमाणित मलमात ही अम्ले अनुक्रमे ६ व ३ टक्के असतात. सॅलिसिलिक अम्लाने वरचा थर सुटून येतो व त्याबरोबर कवकही निघून जाते. बेंझॉइक अम्ल कवकाची वाढ रोखते. हे स्वस्त मलम शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. नाजूक जागी ते चुरचुरते व केसांच्या मुळांपर्यंत पोहोचत नाही, या त्याच्या मर्यादा होत.

डोक्यावरील गजकर्ण व क्ष-किरण : केसांतील कवकापर्यंत लेप पोहोचत नसल्याने रोगट केस समूळ काढणे हाच उपाय उरे. यूरोपात मुलांच्या डोक्यावर डांबराची टोपी बसवून, ती वाळल्यावर केसांसह ओढून काढण्याची क्रूर पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. एर्नेस्त बाझें (१८०७–७८) यांनी पॅरिसच्या सेंट लूई रुग्णालयात चिमट्याने एकेक केस उपटून कवकनाशक लावण्याची पद्धती रूढ केली. तिला महिनोन्‌महिने लागत. रोगी मुलांना शाळेत घेत नसत. म्हणून या रुग्णालयातच १८८६ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा सुरू करावी लागली.

क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागल्यानंतर लवकरच त्यांनी केस गळतात, असे आढळले. साबूरो व न्वारे यांनी १९०४ मध्ये किरणांची मात्रा मोजून एका वेळेत केस काढण्याची रीत बसविली, तर लंडनच्या ॲडमसन यांनी १९०९ मध्ये डोक्याचे पाच भाग कल्पून सर्वत्र सारखी मात्रा देण्याची पद्धत सांगितली. महिन्यांचे काम आठवड्यांत होऊ लागल्याने ती जगभर स्वीकारली गेली. या उपचारासाठी सुमारे २ लक्ष मुलांना क्ष-किरण दिले गेले असावेत, असा अंदाज आहे. थॅलियम ॲसिटेट पोटात देऊन केस गाळण्याचाही प्रयोग झाला. परंतु औषधी व मारक मात्रांत फारच थोडे अंतर असल्याने काही मुले दगावली व तो सोडून द्यावा लागला.

क्ष-किरणांची किंमत उशिरा कळली. इझ्राएलमध्ये १९४८ नंतर उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरित कुटुंबांतील हजारो मुलांवर हा उपचार सरसकट करण्यात आला. बारूख मोदान व त्यांचे सहकारी यांनी अशा सुमारे ११,००० व्यक्तींचा पाठपुरावा करून १९७४ मध्ये दाखविले की, त्यांच्यात मेंदूचे व अवटू ग्रंथीचे अर्बुद होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीय अधिक होते. इझ्राएलच्या संसदेने १९९४ मध्ये पीडितांना भरपाई देण्याचा कायदा केला. अल्प प्रमाणातील प्रारणाच्या दूरगामी परिणामांविषयीचे आजचे बरेचसे ज्ञान या मुलांच्या आयुष्यांतून मिळालेले आहे. जो रोग प्राणघातक नव्हता, त्याच्या उपचाराने प्राणघातक रोग निर्माण झाला, ही गोष्ट वैद्यकाला विसरता येण्यासारखी नाही.

निदानाच्या बाबतीत मात्र याच काळात निर्धोक प्रगती झाली. रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०३ मध्ये तयार केलेल्या काचेतून येणाऱ्या जंबुपार किरणांत मायक्रोस्पोरमने ग्रासलेले केस हिरवट चमकतात, असे १९२५ मध्ये फ्रान्समध्ये आढळले. त्यामुळे शाळेतील मुलांची तपासणी सोपी झाली.

ग्रिझिओफुल्व्हिन व नंतरची औषधे : ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक व सिमोनार यांनी १९३९ मध्ये पेनिसिलियम ग्रिझिओफुल्व्हम या बुरशीपासून ग्रिझिओफुल्व्हिन हा पदार्थ वेगळा केला. ब्रायन व सहकाऱ्यांना १९४६ मध्ये याच पदार्थामुळे इतर कवकांचे तंतू आखडून वाकडे होतात, असे दिसले. प्रारंभी त्याचा विचार केवळ पिकांवरील रोगांसाठी झाला. ग्लासगोच्या जे. सी. जेंटल्स यांनी १९५८ मध्ये तो तोंडावाटे देऊन गिनीपिगांचा गजकर्ण बरा केला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये रुग्णांवरही त्याचा गुण आला. हे औषध नव्याने तयार होणाऱ्या केराटिनात साठते व तेथे कवकाची वाढ थांबवते; जुने केराटीन झडून जाईपर्यंत ते चालू ठेवावे लागते. डोक्यावरील गजकर्णासाठी क्ष-किरण देण्याचे कारण त्यामुळे उरले नाही व काही वर्षांतच ती पद्धत बंद पडली.

त्यानंतर क्लोट्रिमॅझोल व मायकोनॅझोल ही लावण्याची ॲझोल वर्गातील औषधे १९६९ मध्ये पुढे आली. कीटोकोनॅझोल हे पोटात घेण्याचे औषध १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. यकृतावरील दुष्परिणामांमुळे २०१३ मध्ये त्याच्या तोंडावाटे वापरावर अनेक देशांत कडक निर्बंध आले. इट्राकोनॅझोल व १९९१ पासून ब्रिटनमध्ये उपलब्ध झालेले टर्बिनाफीन यांनी त्याची जागा घेतली. टर्बिनाफीन हे कवकाच्या पटलासाठी आवश्यक अशा अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीतील स्क्वालीन एपॉक्सिडेज या एंझाइमाला रोखते. विसाव्या शतकाच्या अखेरीस गजकर्ण हा दोन ते चार आठवड्यांत बरा होणारा रोग गणला जाऊ लागला.

स्टेरॉइडयुक्त मलमे व नवे संकट : सल्झबर्गर व विटन यांनी १९५२ मध्ये त्वचेवर लावण्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन यशस्वी रीत्या वापरले आणि इसबासारख्या रोगांच्या उपचारांत क्रांती झाली. स्टेरॉइडाने दाह व खाज त्वरित शमते. पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते. गजकर्णावर ते लावल्यास रोग्याला एक-दोन दिवसांत बरे वाटते, कडा पुसट होतात, कवक मात्र निर्वेधपणे पसरत राहते. मलम थांबवताच खाज दुपटीने उसळते व रोगी पुन्हा तेच मलम लावतो. अशा रूप बदललेल्या गजकर्णाचे वर्णन आइव्ह व मार्क्स यांनी १९६८ मध्येच केले होते. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि जांघेत व काखेत कायमचे पांढुरके वळ उठतात.

भारतात प्रबल स्टेरॉइड, कवकनाशक व जंतुनाशक यांची एकत्रित मलमे औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीविना सर्रास विकली गेली. सुमारे २०१३ नंतर देशातील त्वचारोगतज्ञांना विस्तृत, वारंवार उलटणारा आणि कुटुंबातील सर्वांना ग्रासणारा गजकर्ण मोठ्या संख्येने दिसू लागला. पूर्वी प्रमुख असलेल्या ट्रायकोफायटॉन रूब्रमची जागा दुसऱ्याच एका कवकाने घेतली होती. जपानमध्ये भारतीय व नेपाळी रुग्णांतून मिळालेल्या अशा कवकाला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव देण्यात आले. त्याच्या अनेक वाणांत स्क्वालीन एपॉक्सिडेजच्या जनुकात उत्परिवर्तन झालेले असल्याने टर्बिनाफीन निष्प्रभ ठरते. हे कवक यूरोपातही आढळले असून अमेरिकेत न्यूयॉर्क येथील पहिल्या दोन रुग्णांची नोंद २०२३ मध्ये झाली. स्टेरॉइड मिश्रणांचा गैरवापर हा या साथीचा एक प्रमुख पोषक घटक मानला जातो. उष्ण हवा, घट्ट कृत्रिम धाग्यांचे कपडे, दाट वस्ती व अर्धवट उपचार यांचाही त्यात वाटा आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांची लावण्याची औषधे चिठ्ठीविना विकण्यास मनाई करणाऱ्या ‘एच’ अनुसूचीत घातली आणि त्याच वर्षी अनेक अशास्त्रीय मिश्रणांवर बंदी आणली. नियमाची अंमलबजावणी मात्र सर्वत्र सारखी झालेली नाही.

सध्याची उपचारपद्धती : चट्ट्याच्या कडेचे खवले पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास कवकतंतू दिसतात. ही तपासणी सोपी व स्वल्पखर्चाची आहे. मर्यादित रोगास केवळ कवकनाशक मलम पुरते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंमी.पर्यंत लावतात आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही काळ चालू ठेवतात. डोक्यावरील, नखांतील व विस्तृत रोगास पोटात घेण्याची औषधे लागतात. हट्टी रोगात ती पूर्वीपेक्षा बरीच अधिक काळ द्यावी लागत असून ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. स्टेरॉइड असलेले कोणतेही मिश्रण गजकर्णावर लावणे अपायकारक आहे. घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार न केल्यास रोग फिरून परततो. टॉवेल, अंतर्वस्त्रे व अंथरूण स्वतंत्र ठेवणे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविणे, अंग कोरडे ठेवणे आणि सैल सुती कपडे वापरणे आवश्यक असते. दुसऱ्याची वस्त्रे वापरल्याने त्वचारोग लागतो हे सुश्रुतसंहितेतील निरीक्षण आजच्या उपचारांतही तितकेच महत्त्वाचे ठरते. औषधांना दाद न देणाऱ्या कवकांच्या काळात प्रतिबंधाचे मोल वाढले आहे.